कौलावरची अक्षरे

सांगली जिल्ह्यातील आष्टा गावापासून समुद्र पुष्कळ दूर आहे. तरीही एके काळी जहाजांतून देशोदेशी गेलेली एक वस्तू तेथील मुलांच्या ओळखीची असते. ती म्हणजे जुन्या घरांच्या छपरांवरील तांबडे मंगलोरी कौल. अशाच एका कौलाने समुद्रात बुडालेल्या एका जहाजाची हकीकत सांगितली.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली काही खडक दडलेले आहेत. त्यांवर आपटून पूर्वी जहाजे फुटली. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात बुड्या मारून त्या जागांचा शोध घेतला. सेंट जॉर्ज नावाच्या खडकापाशी त्यांना कौले, विटा व खांबांचे भाग आढळले. कौलावर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’ अशी अक्षरे होती. बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूर येथे १८६५ साली निघाला. तेव्हा हे जहाज त्यापूर्वी बुडालेले असणे शक्य नाही; आणि त्यावर इमारतीचे सामान लादलेले होते, हेही उघड झाले.

सुंची खडकापाशी निराळाच माल मिळाला. तेथे तोफा होत्या, हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते आणि चिनी भांड्यांचे तुकडेही होते. पाणघोडा हा आफ्रिकेतील प्राणी, तर भांडी चीन देशाची! सतराव्या शतकाच्या आरंभीचे हे पोर्तुगीज जहाज असावे, असे संशोधक मानतात. त्या काळचा व्यापार किती दूरवर पसरला होता, हे या वस्तू एकत्र सापडल्यामुळेच कळले.

समजा, एखाद्या हौशी पोहणाऱ्याने त्यांतील एक दात शोभेसाठी घरी नेला असता, तर? दात राहिला असता. पण तो कोठे व कशाजवळ पडला होता, ही माहिती कायमची नाहीशी झाली असती. शिवाय समुद्रातून काढलेली वस्तू एकाएकी वाळू दिली, तर तिच्यात मुरलेल्या मिठाचे स्फटिक बनतात आणि ती तडकते. म्हणून तिला गोड्या पाण्यात ठेवून, ते पाणी वरचेवर बदलून, मीठ हळूहळू काढावे लागते.

शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या रक्षणासाठी भारतात १९७२ सालचा पुरावस्तू कायदा आहे. पाण्याखालील वारसा जपण्यासाठी युनेस्कोनेही २००१ साली आंतरराष्ट्रीय करार संमत केला. परंतु समुद्राच्या तळाशी पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे माणसाची सद्‌बुद्धी हाच खरा पहारा होय. जुनी वस्तू दिसताच ती न हलवता जाणकारांना कळवणे, एवढे प्रत्येकाला करता येते. मग ती समुद्रात असो की आपल्या गावच्या शिवारात.