इंजिन मोठे, पण गाडी पेलेल काय?

कोल्हापूरला इंजिनाची ओळख करून द्यावी लागत नाही. नदीचे पाणी उसाला उपसून देणारी ऑइल इंजिने आणि गुऱ्हाळांचे चरक दुरुस्त करता करता येथील कारागीर ती यंत्रे स्वतः घडवू लागले. शिवाजी उद्यमनगर त्याच कौशल्यावर वाढले. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाचा व्याप वाढला आणि मोटार उद्योगाला लागणारे भाग येथील फाउंड्रींतून जाऊ लागले. हुपरी रस्त्यावर मोहिते यांचा रेसिंग ट्रॅक आहे. दसऱ्याच्या सोहळ्यातील छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार तर साऱ्या शहराच्या कौतुकाचा विषय. अशा शहरात एखाद्या कुटुंबाकडे आजोबांच्या काळातील स्पोर्ट्स मोटार धूळ खात उभी असेल, तर तिला मोठे इंजिन बसवून ती नव्याने उभी करावी, असे घरातील तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे. कारागीर आणि यंत्रे दोन्ही हाताशी आहेत. इंजिन बसेलही, पण गाडीला ते पेलेल काय, याचा विचार हात घालण्यापूर्वी व्हावयास हवा.

तीन मोटारींचा धडा

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६२ चे. अमेरिकन शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या ‘एस’ मोटारीत फोर्डचे आठ सिलिंडरचे, सुमारे ४.२ लिटरचे इंजिन बसविले आणि ‘कोब्रा’ जन्माला आली. पुढे सात लिटरचे इंजिन घेण्याचे ठरले, तेव्हा मात्र जुना सांगाडा पुरेना. तीन इंच व्यासाच्या मुख्य नळ्यांऐवजी चार इंची नळ्या आणि पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा घेऊन १९६५ मध्ये नवा सांगाडा करावा लागला.

१९६४ ची ‘सनबीम टायगर’ हे दुसरे उदाहरण. ‘अल्पाइन’ या लहान मोटारीत फोर्डचे तेच ४.२ लिटरचे इंजिन घालताना जागा इतकी अपुरी पडली, की कारखान्यातील कामगारांना रंगविलेला मधला पत्रा घणाने ठोकून आत दाबावा लागे. स्टिअरिंगची रचना बदलावी लागली. एक स्पार्क प्लग तर बैठकीच्या बाजूने, पत्र्यातील छिद्रातून हात घालूनच काढता येई. पुढे कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. क्रायस्लरजवळचे इंजिन त्या अरुंद जागेत मावेना आणि १९६७ मध्ये गाडीच बंद झाली.

तिसरे उदाहरण ‘एमजीबी’चे. केन कॉस्टेलो या इंग्रज शर्यतपटूने आपल्या छोट्या कार्यशाळेत या गाडीला रोव्हरचे साडेतीन लिटरचे इंजिन बसवून दाखविले. त्यानंतर १९७३ मध्ये कंपनीनेही तसे वाहन बाजारात आणले. हे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे होते. आकाराने मोठे असूनही ते मूळच्या बिडाच्या, चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जड नव्हते. त्यामुळे गाडीचा तोल बिघडला नाही. शक्तीइतकाच वजनाचाही हिशेब झाला, म्हणून हा प्रयोग साधला.

खर्चाच्या वहीतील पुढच्या ओळी

इंजिनाची किंमत ही या कामातील खर्चाची पहिली ओळ असते. वाढलेला जोर क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि मागील अ‍ॅक्सल या क्रमाने चाकांपर्यंत पोहोचतो, आणि वाटेतील सर्वांत दुबळा भाग प्रथम तुटतो. उष्णता वाढते, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. ब्रेकचा हिशेब तर अधिकच कठोर आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटर वेगाने धावणारी तीच गाडी थांबविताना ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते.

आपल्या देशातही याचे दाखले आहेत. हिंदुस्तान मोटर्सच्या ‘कॉन्टेसा’ला आरंभीचे दीड लिटरचे इंजिन अपुरे पडे. इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन व पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळताच तिला खरा जोम आला. याउलट १९८५ च्या ‘स्टँडर्ड २०००’ मध्ये रोव्हरच्या भारदस्त देहात जुन्या पिढीचे दोन लिटरचे इंजिन घातले गेले आणि काही वर्षांतच ती गाडी बाजारातून गेली. देह आणि इंजिन यांचे जमले पाहिजे, एवढेच खरे.

बोअर वाढविण्याचा मध्यममार्ग

उद्यमनगरच्या कारागिरांना परिचित असा एक मार्ग मधला आहे. मूळ ब्लॉक कायम ठेवून बोअर वाढवावयाचा व मोठे पिस्टन घालावयाचे. एमजीबीच्या इंजिनाचा बोअर ८०.२६ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर आणि क्षमता १७९८ घन सेंटिमीटर. बोअर ८३ मिलिमीटर केला, तर तीच क्षमता सुमारे १९२४ होते. ब्लॉकवरील क्रमांक तोच राहतो आणि बाकीच्या भागांवरील ताणही बेताचा वाढतो. मात्र सिलिंडरच्या भिंतीची जाडी आधी तपासलीच पाहिजे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिनाची क्षमता प्रमाणपत्रात नोंदलेली असते. म्हणून बोअर वाढविण्यापूर्वीही परिवहन कार्यालयात विचारणा करावी. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात जपलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. सांगाडा वा इंजिन बदललेल्या गाडीला हा मान मिळत नाही. जाणकार खरेदीदारही इंजिन व चासीचे क्रमांक मूळ नोंदीशी जुळतात काय, हेच प्रथम पाहतो.

तेव्हा वडिलोपार्जित गाडीबाबत मूळ इंजिन दुरुस्त करून चालविणे हाच पहिला पर्याय ठरतो. केवळ बंदिस्त ट्रॅकसाठी मोठे इंजिन घालावयाचेच असेल, तर ते सांगाडा न कापता, पुन्हा उतरविता येईल असे बसवावे. आणि काढलेले इंजिन भंगारात न देता तेल लावून, क्रमांकासह जपून ठेवावे. पुढच्या पिढीला आपला निर्णय फिरवावासा वाटला, तर तशी वाट तिच्यासाठी खुली राहील.