पौरुषग्रंथीचा कर्करोग : मुकी जनुके आणि पेशींचे संदेश

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील वाताष्ठीला वाचताना पौरुषग्रंथीची वृद्धी आठवल्यावाचून राहत नाही. परंतु या साम्यावर विसंबून वृद्ध रुग्णाची प्रत्येक तक्रार अष्ठीला मानणे धोक्याचे आहे. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाह्य भागात, मूत्रमार्गापासून दूर सुरू होतो; म्हणूनच प्रारंभी तो लक्षणे दाखवीत नाही.

डीएनएची अक्षरे न बदलताही जनुक मुके होऊ शकते. जनुकाच्या नियंत्रक भागातील सायटोसीनवर विशिष्ट विकरे मिथाइल गट जोडतात आणि त्या जनुकाचे वाचन थांबते. पोथी तीच, पण पाने एकमेकांस चिकटलेली! १९९४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी जीएसटीपी१ या जनुकाविषयी हे दाखवून दिले. विषारी द्रव्ये व ऑक्सिडीकरण यांपासून पेशीचे रक्षण करणारे विकर या जनुकामुळे निर्माण होते. पौरुषग्रंथीच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्करोगांत त्याचे मेथिलीकरण झालेले आढळते. रक्षण उरले नाही की डीएनएवरील आघात वाढत जातात. विशेष म्हणजे गाठीशेजारच्या, सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी भासणाऱ्या ऊतीतही असे मेथिलीकरण सापडू शकते. बायोप्सीत कर्करोग न दिसल्यास ती पुन्हा करावी का, हे ठरविण्यासाठी या खुणेचा उपयोग आता होतो.

वाढीचा आदेश मात्र संदेशवहनातून येतो. पुरुषसंप्रेरक पेशीतील ग्राहीस जोडले गेले की ती जोडी केंद्रकात शिरून वाढीची जनुके जागी करते. हे संप्रेरक तोडल्यास रोग ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक लाभले. तथापि पुढे ग्राहींची संख्या वाढते, किंवा पीटेन हे लगाम घालणारे जनुक हरपून एकेटी हा दुसरा संदेशमार्ग मोकाट सुटतो. रोग पुन्हा उसळतो तो यामुळे.

हळदीतील कर्क्युमिन व हिरव्या चहातील ईजीसीजी यांचा मेथिलीकरणावरील परिणाम प्रयोगशाळेतील पेशींवर अभ्यासला गेला आहे. तेवढ्या बळावर रुग्णास शस्त्रक्रियेपासून वा किरणोपचारांपासून परावृत्त करण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होत नाही. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाची नव्याने उद्भवलेली, रात्री वाढणारी कंबरदुखी कटिवात म्हणून बस्ती देण्यापूर्वी गुदपरीक्षण व पीएसए चाचणी करून घ्यावी. तो ड्युटास्टेराइड घेत असल्यास पीएसएचा आकडा सुमारे निम्म्याने कमी दिसतो, हेही ध्यानी असावे.