मामांच्या अ‍ॅम्पची पावसाळी खरखर

फोंड्याला आमच्या मामांच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याशेजारी एक काळी पेटी असते. नवा पाहुणा तिला साधा स्पीकर समजून वर चहाचा कप ठेवतो, आणि मामा काही न बोलता तो उचलतात. ही पेटी म्हणजे १९७४ सालचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब, कॅलिफोर्नियात बनलेला, व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. शेजारच्या एका तारवट्याने तो जहाजावरून आणला होता. मामांनी त्याच्याकडून तो हप्त्याने घेतला आणि पुढची वीसेक वर्षे लग्नांत, ऑर्केस्ट्रात, जत्रेतल्या नाटकांत त्यावरच गिटार वाजवली.

गेल्या जुलैत मामांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. नात गाणार आणि आजोबा साथ करणार, असा घरगुती बेत ठरला. पण पेटीचा आवाज बसला होता. जाड तारा छेडल्या की थुलथुलीत, बारीक तारांना धार नाही, आणि मागे सतत घुमणारी गुणगुण. मामा म्हणाले, "मेला रे आवाज त्याचा. बेंगळुरूचा एक मुलगा विकत मागतोय, देऊन टाकूया." मी म्हटले, "मामा, मला मेपर्यंत वेळ द्या."

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पण आम्ही शिकलो ट्रान्झिस्टर. त्यामुळे मी पहिली चूक केली ती नेहमीचीच. पेटीत नऊ व्हॉल्व्ह असतात: चार १२एएक्स७, दोन १२एटी७, शेवटचा जोर देणारे दोन ६व्ही६ आणि एक रेक्टिफायर. मी सगळाच नवा संच मागवला. चांगले पैसे गेले. दोन दिवस आवाज उजळ वाटला, तिसऱ्या दिवशी नव्या ६व्ही६ पैकी एकाच्या आतली पट्टी लालभडक तापली. घाबरून स्विच बंद केला आणि म्हापशाच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेलो. मर्फी आणि फिलिप्सचे रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "दुखणं पोटात, आणि तुम्ही चष्मा बदललात."

मग त्यांनी पेटी उघडली. पण आधी एक सांगतो, कारण हे मासिक घरातली मुलेही वाचतात. या अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकून राहतो. मेकॅनिककाकांनी आधी मीटर लावून दाब पाहिला, रेझिस्टरमधून तो उतरवला, पुन्हा मोजला, आणि मगच हात घातला. ज्याला हे करून दाखवणारा कोणी नाही, त्याने झाकण उघडू नये. आणि स्पीकर काढून ठेवून अशी पेटी कधीच चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पहिला धक्का फ्यूजजवळ बसला. तिथे २ अँपिअरचा फ्यूज हवा. पूर्वी कुठल्याशा दुकानात दुरुस्तीला दिला तेव्हा कोणीतरी चक्क तारेचा तुकडा गुंडाळला होता. शिवाय ही पेटी अमेरिकेच्या १२० व्होल्टची. आपल्या २३० वर चालवायला मामांनी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरला होता, पण तो दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नाहीच. मामांच्या ओठाला माइक लागला की झिणझिण्या यायच्या; ते हसून त्याला स्टेजचा करंट म्हणायचे! दोष पेटीतल्या एका छोट्या कंडेन्सरचाही होता. वीजवाहिनी आणि पत्र्याचा सांगाडा यांच्यामध्ये तो जोडलेला असतो. जुन्या अमेरिकन पेट्यांत तो सर्रास आढळतो, आणि तो बिघडला तर वाजवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. काकांनी तो कापून टाकला आणि ट्रान्सफॉर्मरपासून पेटीपर्यंत तीन पिनांची अर्थिंगची वायर घातली. आवाजात यामुळे काडीचा फरक पडला नाही, पण सगळ्यात मोलाचे काम हेच होते असे मला वाटते.

आवाजाचे खरे दुखणे होते फिल्टर कंडेन्सरमध्ये. यांच्या आत ओलसर रसायन असते आणि ते वर्षांनुवर्षे सुकत जाते. मग विजेतली लहर नीट गाळली जात नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रेक्टिफायरनंतरची गुणगुण १०० हर्ट्झची. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी सूर ९८ हर्ट्झचा असतो. म्हणजे मामा जी वाजवायचे तेव्हा पेटी त्यांच्याबरोबर किंचित बेसूर गुणगुणायची. पत्र्याच्या झाकणाखालचे ते सगळे कंडेन्सर काकांनी बदलले. व्हॉल्व्हच्या कॅथोडशी असलेले २५ मायक्रोफॅरडचे छोटेही बदलले. खर्च नव्या व्हॉल्व्हच्या संचापेक्षा पुष्कळ कमी आला. जाड तारांचा थुलथुलीतपणा त्याच संध्याकाळी गेला.

लाल तापलेल्या व्हॉल्व्हचे कारणही कंडेन्सरच निघाले. ६व्ही६ ना काबूत ठेवण्यासाठी त्यांच्या ग्रिडला उणे ३५ व्होल्टच्या आसपास दाब दिलेला असतो, त्याला बायस म्हणतात. त्याचा कंडेन्सर खलास झाल्याने लगाम सैल पडला होता. मोजले तर एका व्हॉल्व्हमधून ३९ मिलिअँपिअर जात होते, म्हणजे ४१० व्होल्टला सुमारे १६ वॉट, आणि या व्हॉल्व्हची कमाल झेप १४ ची. कंडेन्सर बदलून बायस २४ मिलिअँपिअरच्या आसपास आणला. गंमत म्हणजे मामांचे जुने ६व्ही६ अजून ठणठणीत होते, तेच परत बसवले. लहान व्हॉल्व्ह पेन्सिलीने हलकेच टकटकवून पाहिले. एकच घंटेसारखा वाजला, तेवढा बदलला. माझ्या संचातले बाकीचे अजून कपाटात पडून आहेत.

स्पीकरबद्दल आमच्यात वाद झाला. माझे म्हणणे होते, जास्त संवेदनशील नवा घ्यावा. तीन डेसिबलने सरस स्पीकर म्हणजे अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखे. हिशोब बरोबर होता. पण मामांनी जुना बारा इंची स्पीकर कानाशी धरला, कागदी कोन दोन बोटांनी आत-बाहेर दाबून पाहिला आणि म्हणाले, "घासत नाही. राहू दे." राहू दिला. आज वाटते, तो बदलला असता तर पेटीचा आवाज वाढला असता, पण तो मामांचा राहिला नसता.

मे महिना सुखात गेला. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला आणि खरखर सुरू झाली. तव्यावर पाणी शिंपडावे तशी. मामांचा चेहरा पडला. बेंगळुरूच्या मुलाचा फोन परत येऊन गेला होता. काकांना विचारले तर त्यांनी फोनवरच निदान केले: "पाटी ओली झाली." या काळातल्या फेंडरमध्ये सुटे भाग एका काळ्या, दाबलेल्या तंतूंच्या पाटीवर बसवलेले असतात. ती हवेतला ओलावा पिते आणि थोडी थोडी वीज वाहू लागते. नंतर स्वतः येऊन त्यांनी मीटरची काडी पाटीच्या नुसत्या पृष्ठभागावर टेकवली, तिथे शून्य हवे, काटा हलत होता. केस वाळवायच्या ड्रायरने हळूहळू पाटी शेकली. खरखर ओसरली, पण एक बारीक तडतड उरली. ती एका जुन्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरची निघाली.

आता ही पाटी दर पावसाळ्यात कशी वाळवायची? उत्तर मामींनी दिले. त्यांच्या माहेरी चार महिने हार्मोनियमच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत. मामांनी सुताराकडून पेटीच्या मापाचे कपाट करून घेतले आणि आत बल्ब लावला.

१९ जुलैला बाहेर धो धो पाऊस होता. नातीने तीन गाणी म्हटली. मामांनी आवाजाचा खटका चारच्या पुढे नेला नाही. रिव्हर्ब मात्र थोडा जास्तच ठेवला होता, आणि मामी त्यावरून त्यांना दोन दिवस बोलत होत्या. बेंगळुरूच्या मुलाला मामांनी स्वतःच फोन केला. व्हॉल्व्हचा माझा संच आता त्याने विकत मागितला आहे.