कुंपणापलीकडचा ससा

माझगावच्या म्हातारपाखाडीत कौलारू, लाकडी जिन्यांची जुनी घरे अजूनही एकमेकांना खेटून उभी आहेत. कुणाच्या दारात हातभर बाग, कुणाच्या ओट्यावर ओळीने मांडलेल्या कुंड्या. मुंबईत याहून मोठी बाग मागणे म्हणजे हट्टच. अशा दाटीत कुणी ससा पाळला की तो आज ना उद्या शेजाऱ्यांच्या झाडांत सापडतो. कोथिंबिरीचे नुसते देठ उरतात, जास्वंदीचे कोवळे शेंडे गायब होतात आणि पायरीवर लेंड्यांचा सडा पडतो. मग ‘तुमचा ससा आवरा’ इथून सुरू झालेले बोलणे थेट अबोल्यापर्यंत जाते.

या भांडणात मालकाची एक प्रामाणिक अडचण असते. लहानपणापासून गोष्टींत भेटलेला ससा मुळात भित्रा, झुडपाआड दडणारा. तो भिंतीखालून खणत पलीकडे जाईल, असे कुणाच्या मनातही येत नाही. पण गोष्टीतला तो प्राणी म्हणजे आपल्या माळरानावरचा रानससा. तो बीळ खणत नाही. गवतात अंग मावेल एवढी जागा दाबून बसतो आणि धोका दिसला की पायांवर भरवसा ठेवून पळतो. त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस घेऊन जन्मतात. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला घरात ठेवताही येत नाही.

बाजारात पिंजऱ्यात मिळणारा ससा वेगळ्याच प्रजातीचा, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. हा जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहतो. त्याची पिल्ले आंधळी आणि बिनकेसांची असतात, त्यामुळे मादीला खणल्यावाचून गत्यंतर नसते. शेकडो वर्षे माणसाच्या हाताखाली राहूनही ही सवय गेलेली नाही. मोकळी माती दिसली की पुढचे पाय चालू. ओरडून, रागावून त्यात फरक पडत नाही. कुंपणाची जाळी जमिनीत फूटभर खाली पुरून आतल्या बाजूला वळवली तर पडतो.

दुसरी अडचण संख्येची. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे अवघड, त्यामुळे ‘दोन्ही नर आहेत’ म्हणून आणलेल्या जोडीला काही महिन्यांत पिल्ले होतात. मादीचे बीज ठरावीक दिवसांनी सुटत नाही, समागमानंतर दहा-बारा तासांनी सुटते. म्हणजे संधी मिळाली की गर्भ राहणार, असा जवळजवळ हिशेबच. गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी पुन्हा गर्भ राहू शकतो.

हे कुठवर जाते, ते फ्लोरिडातल्या विल्टन मॅनर्स या शहराने पाहिले. तिथल्या ८१ घरांच्या एका वस्तीत बेकायदा ससे पैदा करणाऱ्या एका व्यक्तीने घर सोडताना आपले ससे मोकळे सोडले. दोनेक वर्षांत, २०२३ पर्यंत, अंगणांतून साठ ते शंभर ससे हिंडू लागले. अंगणे खणली गेली, बाहेरच्या दिव्यांच्या तारा कुरतडल्या गेल्या. काही रहिवासी वैतागले, काही त्यांना प्रेमाने खाऊ घालत राहिले, आणि वस्तीत दोन तट पडले. ससे मारण्याच्या बाजूने शहराच्या प्रतिनिधींनी कौल दिल्यावर मात्र विरोध उसळला. रहिवाशांनी वर्गणी काढली, ससे पकडून त्यांची नसबंदी करायची आणि त्यांना घरे शोधायची, असा मार्ग निघाला.

ते ससे ‘लायनहेड’ जातीचे होते, मानेभोवती आयाळ असलेले. मुंबईतही या जातीचे ससे हौसेने पाळले जातात. दाट केसांच्या या प्राण्याला दमट उष्मा मानवत नाही. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही; अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा तिशीच्या आसपास गेला की त्याची धाप वाढते. मे महिन्यात गॅलरीत तापलेला ससा ‘जरा मोकळा फिरू दे’ म्हणून खाली सोडला जातो तो याच दयेपोटी, आणि पलीकडे जातो.

आता शेजाऱ्यांची बाजू. त्यांची पहिली भीती रेबीजची. ससा चावल्यास रेबीजच्या उपचारांची गरज क्वचितच पडते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारावे, आणि रेबीजचा निर्णयही त्यांच्यावरच सोडावा. त्यापेक्षा खरी शक्यता बुरशीची आहे. सशाच्या अंगावर दिसेल न दिसेल अशी असलेली ही बुरशी त्याला उचलून घेणाऱ्या मुलांच्या हातावर नायट्याचे गोल चट्टे उठवते. लेंड्यांबद्दलचा राग मात्र थोडा अनाठायी. बागेसाठी विकत आणलेल्या खताशेजारीच त्या झाडून फेकल्या जातात. न कुजवता मातीत घालता येईल असे ते खत आहे.

ज्याबद्दल दोन्ही बाजू बोलत नाहीत, तो धोका कुंड्यांच्या मागे ठेवलेला असतो. जुन्या वस्तीत उंदीर-घुशी आहेत, त्यामुळे उंदीर मारण्याच्या वड्याही आहेत. यातल्या बऱ्याच वड्यांत रक्त गोठू न देणारे औषध असते. ते शरीराला के जीवनसत्त्व पुन्हा वापरू देत नाही. परिणाम लगेच दिसत नाही. साठा संपेपर्यंत दोन-तीन दिवस ससा नेहमीसारखा खातो, उड्या मारतो. मग अंगातल्या अंगात रक्तस्राव सुरू होतो. तोवर कुंपण ओलांडल्याचा दिवस विसरला गेलेला असतो आणि ‘उन्हाने गेला बिचारा’ असे म्हटले जाते. शोभेची कण्हेरही अशीच घातक, तिचे विष हृदयावर जाते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बाहेर येण्याचा तो मार्गही बंद.

नसबंदी केल्यास नराची हिंडण्याची ओढ बरीच कमी होते. माद्यांना ती आणखी एका कारणासाठी हवी. वय वाढल्यावर त्यांच्यात गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतो. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे मादीपासून वेगळा ठेवावा लागतो. कंटाळून ससा एखाद्या बागेत सोडून देणे हा मार्ग नव्हे. भटकी कुत्री, मांजरे आणि घारी यांच्यात तो फार टिकत नाही, आणि प्राण्याला असे उपाशी मरायला सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

ससा पलीकडे जाऊन आला असेल, तर भांडण बाजूला ठेवून शेजाऱ्यांना एकच विचारावे: वड्या ठेवल्या होत्या का, आणि कोणत्या? हो म्हणाले तर वेष्टन मागून घ्यावे आणि ससा ठणठणीत दिसत असला तरी त्याच दिवशी, त्या वेष्टनासह, पशुवैद्यांकडे न्यावे. रक्त गोठू न देणाऱ्या विषावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. तो रक्तस्राव सुरू होण्याआधी मिळावा लागतो आणि पुढे काही आठवडे चालू ठेवावा लागतो.