अभियंता ते पुरातत्त्वज्ञ : अलेक्झांडर कनिंगहॅम आणि विस्मृतीतील बुद्धस्थळे

सारनाथ, सांची, श्रावस्ती, कुशीनगर, नालंदा ही नावे आज आपल्या घराघरांत आदराने घेतली जातात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील असंख्य उपासक-उपासिका या स्थळांच्या दर्शनाला जात आले आहेत. परंतु दोनशे वर्षांपूर्वी अशी यात्रा आखायची म्हटली असती, तर श्रावस्तीला जायचे कोठून, हेच कोणी सांगू शकले नसते. पाली ग्रंथांत श्रावस्ती होती, जेतवन होते. नकाशावर मात्र ती नव्हती. जमिनीवर उरली होती ती झाडाझुडपांनी वेढलेली विटांची टेकाडे. आसपासच्या लोकांना घर, विहीर किंवा पूल बांधायचा झाला, की त्या टेकाडांतून विटा काढल्या जात. या टेकाडांना त्यांची नावे परत मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते अलेक्झांडर कनिंगहॅम हे मुळात पुरातत्त्वज्ञ नव्हते. ते लष्करी अभियंता होते. त्यांच्या जीवनकार्याचा परिचय या लेखात करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पूल बांधणारा अधिकारी

कनिंगहॅम यांचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील अ‍ॅलन कनिंगहॅम हे पाथरवटाचे काम शिकलेले स्कॉटिश कवी होते. लष्करी व अभियांत्रिकी शिक्षण पूर्ण करून अलेक्झांडर १८३३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बंगाल इंजिनिअर्स या दलात दाखल होण्यासाठी भारतात आले. पुढील अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ग्वाल्हेरजवळ मोरार येथे दगडी कमानींचा पूल बांधला, पंजाबातील युद्धांत भाग घेतला, लडाख-तिबेट सीमेच्या कामासाठी हिमालयातील खडतर प्रदेश पालथा घातला आणि ब्रह्मदेशात मुख्य अभियंता म्हणून काम पाहिले. हे सारे त्यांचे नोकरीतील काम. पुरातत्त्व हा फावल्या वेळेतील ध्यास होता आणि आरंभीचा खर्चही ते स्वतःच सोसत.

या ध्यासाला दिशा मिळाली ती कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारे जेम्स प्रिन्सेप यांच्या सहवासात. प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले. त्यासाठी सांचीच्या कठड्यांवरील अनेक छोट्या लेखांच्या शेवटी येणारा ‘दानं’ हा शब्द त्यांना किल्लीसारखा उपयोगी पडला. भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी आणि साधे गृहस्थ यांनी दिलेल्या दानाच्या त्या नोंदी होत्या. राजांच्या आज्ञा वाचण्याची वाट सामान्य दात्यांच्या लेखांनी खुली केली, हे आपण लक्षात ठेवावे असे आम्हांस वाटते.

सारनाथ ते सांची

१८३५ च्या आरंभी कनिंगहॅम यांनी सारनाथच्या धमेक स्तूपात माथ्यापासून खाली सरळ विवर खणण्यास प्रारंभ केला. शंभर फुटांहून अधिक खोल जाऊनही त्यांना धातुकरंडक मिळाला नाही. मिळाली ती एक कोरीव शिळा. सर्व गोष्टी कारणांपासून उत्पन्न होतात आणि तथागतांनी ती कारणे सांगितली आहेत, या आशयाची प्रसिद्ध गाथा तिच्यावर होती. हीच गाथा अस्सजी स्थविरांनी सारिपुत्तांना ऐकवली आणि सारिपुत्तांनी ती मोग्गल्लानांना सांगितली, अशी परंपरा आहे.

सारनाथ येथेच त्यांना स्थानिक स्मृतीचे मोलही कळले. १७९४ मध्ये तेथील दुसरा एक स्तूप विटांसाठी पाडला गेला होता व त्यात दगडी पेटी सापडली होती. लहानपणी ती खोदाई पाहिलेल्या शंकर नावाच्या वृद्धाने कनिंगहॅम यांना नेमकी जागा दाखविली आणि ती बाहेरील दगडी पेटी पुन्हा हाती आली. मात्र जपणुकीची जाणीव सर्वत्र नव्हती. कनिंगहॅम यांनी गोळा करून सारनाथला ठेवलेल्या चाळीसहून अधिक मूर्ती पुढे गाड्यांतून नेऊन वरुणा नदीवरील पुलाखाली टाकण्यात आल्या. प्रवाहाने पुलाचा पाया खचू नये, एवढाच त्यांचा उपयोग!

१८५१ मध्ये कनिंगहॅम आणि लेफ्टनंट मैसी यांनी सांची व परिसरातील स्तूप उघडले. सांचीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात दोन दगडी पेट्या निघाल्या. एकीच्या झाकणावर सारिपुत्तांचे, तर दुसरीवर महामोग्गल्लानांचे नाव होते. आतील करंडकांच्या झाकणांत शाईने ‘सा’ आणि ‘म’ ही अक्षरे लिहिलेली होती. सारिपुत्तांची पेटी दक्षिणेस व मोग्गल्लानांची उत्तरेस होती. तथागत पूर्वाभिमुख बसले असता उजव्या हातास दक्षिण येते. म्हणून उजव्या व डाव्या बाजूच्या अग्रश्रावकांची ही मांडणी असल्याचे कनिंगहॅम यांनी ओळखले. ज्यांच्याविषयी सारनाथच्या शिळेवरील गाथेची परंपरा बोलते, ते दोघे अशा रीतीने सोळा वर्षांनी इतिहासाच्या पुराव्यासह समोर आले.

यात्रिकाचा शब्द आणि मोजणीची साखळी

१८६१ मध्ये मेजर जनरल या हुद्द्यावर ते लष्करातून निवृत्त झाले आणि लॉर्ड कॅनिंग यांनी त्यांची पुरातत्त्वीय सर्वेक्षक म्हणून नियुक्ती केली. त्यांची पद्धत अभियंत्याला साजेशी होती. सातव्या शतकात भारतात आलेले चिनी भिक्षू ह्युएन त्संग यांचे प्रवासवर्णन तोपर्यंत फ्रेंच भाषेत उपलब्ध झाले होते. एका नगरापासून दुसरे किती ‘ली’ अंतरावर व कोणत्या दिशेला, हे त्यात दिलेले होते. कनिंगहॅम यांनी ज्ञात स्थळांमधील अंतरांवरून ‘ली’चे माप ठरविले, त्याप्रमाणे वाट धरली, टेकाडांचा घेर मोजला, विटांची लांबी-रुंदी नोंदली, नाणी तपासली आणि गावांच्या चालू नावांत जुन्या नावांचा मागोवा घेतला. या रीतीने सहेत-महेत म्हणजे श्रावस्ती, कसया म्हणजे कुशीनगर, कोसम म्हणजे कौशांबी, शाहढेरी म्हणजे तक्षशिला अशी ओळख पटत गेली. बडगावचे अवशेष नालंदेचे आहेत, हेही त्यांनी पक्के केले. सहेत येथे श्रावस्तीचा उल्लेख असलेली बोधिसत्त्वाची भव्य कोरीव मूर्तीही त्यांना मिळाली. पुढे काही विद्वानांनी श्रावस्तीविषयी शंका घेतली. नंतरच्या उत्खननातील ताम्रपटाने कनिंगहॅम यांचे अनुमान खरे ठरविले.

१८७१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ते महासंचालक झाले. १८७३ मध्ये त्यांना भारहुतचा स्तूप सापडला. त्याचा बराचसा भाग बांधकामासाठी आधीच नेला गेला होता. उरलेल्या कठड्यावर जातककथा आणि त्यांची नावे कोरलेली होती. अनाथपिंडिक जेतवनाची भूमी नाण्यांनी आच्छादून ती विकत घेत आहे, हे दृश्यही त्यात आहे. हे अवशेष कलकत्त्याच्या संग्रहालयात हलविण्यात आले, म्हणूनच ते आज आपल्याला पाहावयास मिळतात.

गुणांसोबत मर्यादाही

आदर व्यक्त करताना सत्य झाकू नये. स्तूपांच्या माथ्यापासून खोदण्याच्या त्यांच्या पद्धतीने वास्तूंची हानी झाली. बौद्ध अवशेषांच्या संशोधनाचा ख्रिस्ती धर्मप्रसारास उपयोग होईल, असेही त्यांनी १८४३ मध्ये लिहिले होते. अनेक वस्तू विलायतेस गेल्या. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग १८८५ मध्ये श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘इंडस’ जहाजासह नष्ट झाला. हडप्पाच्या विटा रेल्वेमार्गाच्या भरावासाठी नेल्या गेल्याचे त्यांनी नोंदविले, तेथील एक मुद्राही प्रसिद्ध केली. पण ती संस्कृती किती प्राचीन आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. कपिलवस्तूचे स्थानही त्यांना अचूक सांगता आले नाही. १८९६ मध्ये लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आल्यावर त्या शोधाला योग्य दिशा मिळाली.

तरीही पुढील पिढीला त्यांच्या चुका दुरुस्त करता आल्या, याचे श्रेयही त्यांनाच द्यावे लागते. कारण कोठे किती खणले, काय मिळाले आणि कोणते अनुमान कशावरून केले, हे त्यांनी लिहून ठेवले होते. सर्वेक्षणाच्या तेवीस अहवालखंडांपैकी तेरा त्यांनी स्वतः लिहिले. १८८५ मध्ये ते निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १८९३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. १९०४-०५ मध्ये सारनाथला उत्खनन करून अशोकाचे सिंहशीर्ष बाहेर काढणारे ओर्टेल हेही व्यवसायाने अभियंताच होते. इंग्लंडला नेण्यात आलेले सारिपुत्त-मोग्गल्लानांचे धातू परत आले आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठापित झाले.

या चरित्रातून आम्ही विद्यार्थ्यांना व पालकांना एकच सांगू इच्छितो. श्रद्धेने जपलेला शब्द आणि जमिनीवर घेतलेले माप यांची भेट झाली, तेव्हाच हरवलेली श्रावस्ती सापडली. यात्रिकाने लिहून ठेवले नसते तर अभियंत्याला वाट मिळाली नसती. अभियंत्याने मोजले नसते तर यात्रिकाचा शब्द ग्रंथातच राहिला असता. आपल्या महाराष्ट्रातील कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरी येथील लेण्यांच्या भिंतींवरही दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने दगडावर आपले नाव कोरू नये. उलट वहीत त्या दात्याचे नाव उतरवून घ्यावे, ब्राह्मीची अक्षरे शिकावीत आणि गावातील वृद्धांकडून त्या परिसराच्या आठवणी विचारून लिहून ठेवाव्यात. एवढे काम शाळकरी मुलालाही करता येते, आणि वारसा जपण्याचा आरंभ त्यातूनच होतो.