आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला निघालेली दिंडी



संभाजीनगरला शिकायला ठेवलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, संगणक उघडतो आणि म्हणतो, "बाबा, मी महिनाभर प्रवासात आहे." पोराचे डोके फिरले असे आपल्याला वाटते. पण रागावण्याआधी हा प्रवास कसला ते पाहा.

'एलिट डेंजरस' हा इंग्लंडमधील फ्रंटियर कंपनीने 2014 साली आणलेला खेळ. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या आकारमानाने मांडली आहे. त्यात तारामंडळेच सुमारे 40 हजार कोटी! खेळणाऱ्याला एक यान मिळते. त्यात बसून कोणी व्यापार करतो, कोणी लढतो; काहींना मात्र नुसते दूर जायची ओढ.

जानेवारी 2019 मध्ये असे दहा हजारांहून अधिक जण एकत्र निघाले. मोहिमेचे नाव 'डिस्टंट वर्ल्ड्स टू'. जायचे होते बीगल पॉइंटला, सूर्यापासून सुमारे 65 हजार प्रकाशवर्षे दूर. सूर्याचा प्रकाश आपल्या शेतात आठ मिनिटांत पोहोचतो. तोच बीगल पॉइंटला जायला 65 हजार वर्षे घेईल. खेळातले यान एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्याकडे उड्या घेते, म्हणूनच ही वाट काही महिन्यांत सरते. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, तसे यांचेही मुक्काम ठरलेले होते.

खरी कसोटी इंधनाची. यान ताऱ्याजवळून जाताना त्याच्यापासूनच इंधन भरून घेते. पण प्रत्येक तारा ते देत नाही. आपल्या सूर्यासारखे पिवळे किंवा मंद तांबडे तारे देतात. विझत आलेला श्वेत बटू देत नाही. फार जवळ गेले तर यान तापते. पुढच्या मुक्कामाला विहीर आहे की नाही हे न पाहता बैलगाडी हाकावी, तसे करणारा अधांतरी अडकतो. अशा वेळी 'फ्युएल रॅट्स' नावाचे खेळाडू इंधन घेऊन धावतात आणि मोबदला घेत नाहीत. चिखलात रुतलेल्या गाडीला शेजाऱ्याने बैल जोडावेत, तसेच हे. मला या खेळात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

वाटेत पाहिलेल्या ताऱ्यांच्या नोंदी स्थानकावर नेऊन विकायच्या असतात. प्रथम शोधणाऱ्याचे नाव त्या ताऱ्याला लागते. पण परतण्याआधी यान फुटले, तर न विकलेल्या साऱ्या नोंदी जातात. खळ्यावर आलेली ज्वारी अवकाळीने भिजावी, तशी गत. म्हणून परतीच्या वाटेवर पोरगा जेवायला उठत नसेल, तर कारण हे असते. रात्रभर जागणे मात्र मला मान्य नाही. आणि या खेळासाठी संगणक चांगल्यापैकी महाग लागतो, त्यासाठी पीककर्जाला हात लावू नका.

वैशाखात मध्यरात्रीनंतर मोटार चालू करायला शेतात जाल, तेव्हा त्यालाही बरोबर न्या. दक्षिणेच्या अंगाला, वृश्चिक आणि धनु राशींच्या मध्ये आकाशगंगेचा पट्टा दाट दिसतो. तिकडे सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर तिचे केंद्र आहे. बीगल पॉइंट त्याच्याही पलीकडे. तिथून तो कसा परतला, ते त्याच्याकडूनच ऐका.