पंधरा दिवसांपूर्वी आजी कशी होती?

‘आजोबा आता थकले,’ असे आपण सहज म्हणतो. या वाक्यात वयाचा आकडा नसतो, तरी ऐकणाऱ्याला नेमके कळते. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतील ‘कॅज्युअल्टी’त, डॉक्टरांनाही हेच थकलेपण ओळखावे लागते. ते का व कसे, हे आपण पाहू या.

समजा, घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात 78 वर्षांच्या दोन आजी एकाच दिवशी आल्या. दोघींनाही मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला आहे. पहिल्या आजी रोज एकट्या बाजारात जातात. त्यांना ताप आला, औषध मिळाले आणि त्या चार दिवसांत हिंडूफिरू लागल्या. दुसऱ्या आजी वर्षभर भिंतीच्या आधाराने चालतात, त्यांचे वजनही उतरले आहे. त्यांना ताप नाही, पण त्या काल रात्रीपासून असंबद्ध बोलतात आणि अंथरुणातून उठत नाहीत. वय तेच, आजारही तोच. मग हा फरक कशाने पडला?

आपल्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी आठवा. ती भरलेली असेल, तर एक दिवस नळाला पाणी आले नाही तरी घरात कळत नाही. तळाशी चार बोटे पाणी असेल, तर तासाभरात नळ कोरडा पडतो. स्नायू, हृदय, मूत्रपिंडे, मेंदू या साऱ्यांकडे अशी राखीव क्षमता असते. वयाबरोबर ती कमी होते, पण सर्वांची सारख्या वेगाने नाही. ती बरीच आटली की लहानसा आजारही माणसाला खाली पाडतो. या अवस्थेलाच वार्धक्यातील दुर्बलता म्हणतात.

अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली तिची पाच लक्षणे मांडली : नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची कमी झालेली पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक आढळली, तर व्यक्ती दुर्बल समजावी. परंतु स्ट्रेचरवरील रुग्णाला चालवून कसे पाहणार? कॅनडातील केनेथ रॉकवुड व सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेली श्रेणी येथे उपयोगी पडते. तिच्यात आज 1 ते 9 पायऱ्या आहेत. पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधे घेणे यांसाठी मदत लागू लागली की पाचवी पायरी. अंघोळीलाही मदत लागली की सहावी.

यातील मर्म असे, की प्रश्न आजच्या स्थितीचा नसतो. आज तर कोणीही आजारी माणूस झोपूनच असेल. म्हणून विचारायचे, ‘पंधरा दिवसांपूर्वी आजी कशा होत्या?’ त्या स्वतः चालत होत्या असे कळले, तर आजचे बरळणे म्हातारपणाचे नाही, हे स्पष्ट होते. काही तासांत किंवा दिवसांत उद्भवलेला गोंधळ हा बहुधा दडलेल्या आजाराचा इशारा असतो. ‘वय झाले, असे व्हायचेच’ म्हणून तो सोडून देणे जिवावर बेतू शकते.

दुर्बलता ओळखली, की घेत असलेली सर्व औषधे तपासणे, गुंगीची औषधे शक्यतो टाळणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ देणे, लवकर उठवून बसवणे ही काळजी वेळीच घेता येते. उपचार नाकारण्यासाठी मात्र हा आकडा नाही. तसेच 65 वर्षांखालील व्यक्तींसाठी किंवा जन्मापासून अपंगत्व असणाऱ्यांसाठी ही श्रेणी नाही.

उपनगरांत मुलगा-सून सकाळच्या लोकलने कामावर गेलेली असतात. तेव्हा आजींसोबत कॅज्युअल्टीत शेजारीण किंवा नववीतला नातू असतो. डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच द्यावे लागते.

म्हणून विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. घरातील वृद्ध व्यक्तीने खुर्चीतून उठून 3 मीटर चालावे, वळून परत यावे व बसावे. शेजारी मोठे माणूस उभे ठेवून लागलेला वेळ मोजावा. 12 सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका वाढलेला समजतात. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे. हा वेळ, औषधांची नावे, शेवटचे पडणे आणि कोणत्या कामात मदत लागते, हे एका कागदावर तारखेसह लिहून दाराजवळ लावावे. दर महिन्याला तो कागद नवा करावा.